लोकप्रियतेचे मोजमाप : नाओ कोदाइरा आणि तिच्या देशाचे खेळाडू

(स्मृती-व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा लेखी पाठ)



ज्या क्रीडाशिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या नावाने बोलण्याचा मान मला दिल्याबद्दल प्रथम संस्थेचे आभार मानतो. व्याख्यानाचा विषय कळविला तेव्हा चिटणीसांनी मोठ्या सौजन्याने विचारले, की बेळगावच्या उन्हात बर्फावरची कथा कितपत टिकेल? प्रश्न रास्त आहे. ज्या मुलांनी बर्फ पाहिला तो गोळेवाल्याच्या गाडीवर, त्यांच्यापुढे जपानमधील एका स्केटिंगपटूची गोष्ट सांगायची, हे थोडे धाडसाचेच आहे. परंतु आजचा माझा विषय बर्फ नाही; खेळाडूवर लोक प्रेम का करतात आणि कोणावर करीत नाहीत, हा आहे. त्यासाठी एखादा दूरचा दाखला घेतलेला बरा. जवळच्या खेळाचे नाव काढले की आपण विचार करायचे थांबतो आणि बाजू घ्यायला लागतो, असा माझा अनुभव आहे.

प्रथम हा खेळ समजून घेऊ. स्पीड स्केटिंगमध्ये चारशे मीटरच्या लंबवर्तुळाकार बर्फाच्या धावपट्टीवर एका वेळी दोन खेळाडू धावतात. एक आतल्या पट्टीतून, दुसरा बाहेरच्या. पलीकडच्या सरळ भागात ते पट्ट्या बदलतात, म्हणजे अंतर दोघांनाही सारखे पडते. जोडीदाराला मागे टाकले म्हणून कोणी जिंकत नाही. पंधरा-सोळा जोड्या धावून झाल्यावर सर्वांत कमी वेळ ज्याचा, तो विजेता. खरा प्रतिस्पर्धी घड्याळ. डोक्यावरून घट्ट ओढलेली टोपी, डोळ्यांवर चष्मा, कमरेत वाकलेले शरीर. चेहरा म्हणून प्रेक्षकाच्या हाती काही लागत नाही. पाचशे मीटरची शर्यत सदतीस-अडतीस सेकंदांत आटोपते. पाण्याचा पेला तोंडाला लावून खाली ठेवावा, तोवर चार वर्षांची तपश्चर्या संपलेली असते. लोकप्रियतेच्या दृष्टीने याहून गैरसोयीचा खेळ शोधून सापडणार नाही.

आता जपानकडे पाहू. त्या देशात लोकप्रियतेचे पहिले आसन बेसबॉलचे. उन्हाळ्यात होणारी माध्यमिक शाळांची राष्ट्रीय स्पर्धा १९१५ साली सुरू झाली. ती ज्या कोशिएनच्या मैदानावर होते, तिथली चिमूटभर माती हरलेली मुले पिशवीत भरून घरी नेतात. सादाहारु ओह याने कारकिर्दीत ८६८ होमरन केले. त्याने हँक आरनचा ७५५ चा आकडा ओलांडला, तेव्हा १९७७ साली सरकारने लोकसन्मानाचा एक स्वतंत्र पुरस्कारच निर्माण केला आणि पहिला त्याला दिला. अगदी अलीकडचे उदाहरण शोहेइ ओतानी याचे. २०२४ च्या हंगामात अमेरिकेत चोपन्न होमरन आणि एकोणसाठ चोरटे तळ अशी कामगिरी त्याने केली. पण मला त्याची दुसरीच गोष्ट अधिक मोलाची वाटते. जपानमधील सुमारे वीस हजार प्राथमिक शाळांना प्रत्येकी तीन, असे जवळजवळ साठ हजार हातमोजे त्याने भेट दिले, आणि त्यांतला एक डावखुऱ्या मुलासाठी होता. आपल्या वर्गातल्या डावखुऱ्या मुलाचा विचार आपण कितीदा करतो, हे शिक्षकवर्गाने मनाशी पाहावे.

त्या लोकसन्मान पुरस्काराची यादी मी मुद्दाम पाहिली. तीत बेसबॉलचे खेळाडू आहेत, सुमोचा चियोनोफुजी आहे, ज्यूदोचा यामाशिता आहे, २००० साली सिडनीत मॅरेथॉन जिंकणारी नाओको ताकाहाशी आहे, कुस्तीतील साओरी योशिदा आणि काओरी इचो आहेत, फिगर स्केटिंगचा युझुरु हान्यू आहे. २०२३ पर्यंतच्या त्या यादीत स्पीड स्केटिंगचा एकही खेळाडू नाही. त्या खेळाने जपानला पदके कमी दिली म्हणावे, तर तसेही नाही. हिवाळी ऑलिंपिकमध्ये जपानी खेळाडूंनी ज्या मोजक्या खेळांतून सातत्याने पदके आणली, त्यांत हा खेळ आघाडीवर आहे.

या खेळाच्या वाट्याला आलेली पहिली मोठी लोकप्रियता उलट शापासारखी ठरली. अकिरा कुरोइवा १९८३ साली स्प्रिंटचा जगज्जेता झाला आणि दुसऱ्या वर्षी सारायेव्होला जाताना सुवर्णपदक त्याच्या सामानात आधीच बांधलेले आहे, असा देशाचा समज झाला. पाचशे मीटरमध्ये तो दहावा आला. त्याच शर्यतीत ज्याच्याकडे कोणाचे लक्ष नव्हते, त्या योशिहिरो किताझावाने रौप्यपदक मिळविले. जपानचे स्पीड स्केटिंगमधील ते पहिले ऑलिंपिक पदक होय. कुरोइवाने मात्र खेळ सोडला नाही. १९८८ साली कॅल्गरीत त्याने कांस्यपदक घेतले. या चार वर्षांबद्दल फारसे लिहिले गेलेले नाही, आणि माझ्या मते त्या गोष्टीतली लिहिण्यासारखी वर्षे तीच होत.

हिरोयासु शिमिझु याची गोष्ट याच्या उलट. होक्काइदो बेटावरील ओबिहिरो गावचा हा मुलगा, उंची अवघी १६२ सेंटिमीटर, लहानपणी दम्याचा त्रास, वडील शाळेत असतानाच गेलेले. त्या तोकाची प्रदेशातील शाळांची रीत सांगण्यासारखी आहे. कडाक्याच्या थंडीत रात्री पालक शाळेच्या मैदानावर पाणी सोडतात, थरावर थर गोठू देतात आणि सकाळी मुलांसाठी धावपट्टी तयार असते. १० फेब्रुवारी १९९८ रोजी नागानोच्या एम-वेव्ह सभागृहात शिमिझुने दोन फेऱ्यांत मिळून ७१.३५ सेकंदांत पाचशे मीटर जिंकले. जपानचे या खेळातील ते पहिले सुवर्णपदक, आणि त्या स्पर्धेतील यजमान देशाचेही पहिले. चार वर्षांनी सॉल्ट लेक सिटीत तो दोन फेऱ्यांच्या एकूण वेळात तीन शतांश सेकंदांनी हरला. त्या वेगाला हे अंतर हातभर भरते.

आता कोणी म्हणेल, मग शिमिझु नागानोचा नायक झाला असेल. काही दिवस झालाही. पण नागानो म्हटले की जपानी माणसाला आठवते ते १७ फेब्रुवारीचे स्की-उडीचे सांघिक सुवर्ण, आणि त्यातही मासाहिको हाराडा. चार वर्षांपूर्वी लिलेहामरला याच हाराडाची शेवटची उडी फसून सुवर्ण हातचे गेले होते. नागानोतही पडत्या बर्फात त्याची पहिली उडी ७९.५ मीटरची, म्हणजे पुन्हा तोच अपराध. आणि दुसरी १३७ मीटरची. नंतर तो रडत होता आणि त्याच्याबरोबर देश रडत होता. शिमिझुने चूक केली नव्हती. तो आला, धावला, जिंकला. लोकांना आपलेसे करायला त्याने जागाच ठेवली नाही, असे मी म्हटले तर आपण हसाल. पण विचार करून पाहा. कथेला पडझड लागते.

आता मुख्य व्यक्तीकडे वळतो. नाओ कोदाइरा हिचा जन्म २६ मे १९८६ चा, नागानो प्रांतातील चिनो गावचा. नागानोचे ऑलिंपिक झाले तेव्हा ती अकरा वर्षांची होती. ती शिनशू विद्यापीठात शिकली. २००९ साली पदवी घेतल्यावर नोकरीचा प्रश्न उभा राहिला. या खेळाला पोसणाऱ्या कंपन्या मोजक्या. तेव्हा मात्सुमोतो शहरातील आइझावा रुग्णालयाने तिला नोकरीवर घेतले. जगात अव्वल ठरलेली खेळाडू आणि तिचा आश्रयदाता एक रुग्णालय! आपल्याकडे संस्थानिकांनी मल्ल पोसले. तिथे एका दवाखान्याने स्केटिंगपटू पोसली, आणि पदके येत नव्हती त्या वर्षांतही पोसली.

ती वर्षे थोडीथोडकी नव्हती. २०१० साली व्हँकुव्हरला तिला सांघिक शर्यतीत रौप्य मिळाले, पण तेही दोन शतांश सेकंदांनी सुवर्ण हुकून. हिशेब केला तर हे अंतर वीतभर भरते. वैयक्तिक शर्यतींत पदक नाही. २०१४ साली सोचीत पाचशे मीटरमध्ये पाचवी. वय अठ्ठावीसकडे झुकलेले. त्या सोचीत नेदरलँड्सच्या खेळाडूंनी स्पीड स्केटिंगच्या छत्तीस पदकांपैकी तेवीस उचलली होती. कोदाइराने ठरविले, की या लोकांकडे जाऊनच शिकायचे. दोन वर्षे ती त्या देशात राहिली, भाषा शिकली. तिची प्रशिक्षिका मारियान्ने टिमर, स्वतः सुवर्णविजेती. तिने हिला पाठीची कमान आणि खांदे कसे ठेवायचे हे सांगताना रागावलेल्या मांजराची उपमा दिली, आणि ते टोपणनाव हिला कायमचे चिकटले. इतक्या शांत बाईला हे नाव मिळावे, ही मौज आहे.

नेदरलँड्सचा मुक्काम आपल्या विषयासाठी महत्त्वाचा आहे. त्या देशात हाच खेळ लोकांच्या जीवाचा जिव्हाळा आहे. फ्रिसलँड प्रांतात अकरा गावांना जोडणाऱ्या गोठलेल्या कालव्यांवरून सुमारे दोनशे किलोमीटरची शर्यत होते. कालवे पुरेसे गोठले तरच. ४ जानेवारी १९९७ नंतर ती होऊ शकलेली नाही, तरी थंडी पडली की बर्फ किती जाड झाला याची चर्चा घराघरांत सुरू होते. हेरेनव्हेनच्या सभागृहात प्रेक्षक नारिंगी कपडे घालून, वाद्ये वाजवीत, हातात प्रत्येक फेरीचे आकडे टिपत बसतात. जो खेळ चेहरा दाखवीत नाही म्हणून जपानी दूरचित्रवाणीला कोरडा वाटतो, तोच खेळ तिथे लोकांना घड्याळाच्या काट्यावर उभे करतो. लोकप्रियता खेळाच्या अंगी नसते. ती पाहणाऱ्याच्या सवयीत असते, आणि सवय लहानपणी घराशेजारच्या कालव्यावर लागते.

१७ आणि १८ फेब्रुवारी २०१८ या दोन लागोपाठच्या तारखा माझ्या विषयाचा गाभा आहेत. दक्षिण कोरियात प्याँगचांगचे हिवाळी ऑलिंपिक चालू होते. १७ तारखेला युझुरु हान्यूने फिगर स्केटिंगचे सुवर्ण दुसऱ्यांदा जिंकले. पुरुषांच्या एकेरीत लागोपाठ दोनदा ते जिंकणारा त्याच्या आधीचा खेळाडू १९५२ सालचा. सेंदाईचा हा मुलगा ११ मार्च २०११ च्या भूकंपात सरावाच्या बर्फावरून पायांतल्या स्केटसह बाहेर धावला होता. ऑलिंपिकच्या तीन महिने आधी त्याचा उजवा घोटा दुखावला होता. त्याचा कार्यक्रम संपताच प्रेक्षक पिवळ्या अस्वलांच्या खेळण्यांचा पाऊस पाडीत. त्या एप्रिलमध्ये सेंदाईत निघालेल्या मिरवणुकीला लाखावर माणसे जमली. सौंदर्य, संगीत, दुखापत, भूकंप, पुनरागमन. काय नव्हते त्या कथेत? आणि मुख्य म्हणजे चेहरा होता. पूर्ण चार-साडेचार मिनिटे कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर होता.

दुसऱ्या दिवशी, १८ तारखेला, गांगनुंगच्या सभागृहात कोदाइराने पाचशे मीटर ३६.९४ सेकंदांत पार केले. ऑलिंपिक विक्रम, आणि जपानी स्त्रीचे या खेळातील पहिले सुवर्ण. ती त्या वेळी जपानी पथकाची कर्णधार होती. देशाला आनंद झाला, वृत्तपत्रांचे विशेष अंक निघाले. परंतु हान्यूच्या प्रभेपुढे ही ज्योत छोटीच दिसली. आणखी एक गंमत सांगतो. त्याच स्पर्धेत जपानच्या महिलांनी कर्लिंगमध्ये कांस्यपदक मिळविले. खेळताना त्या मुली होक्काइदोच्या बोलीत एकमेकींना ‘सोदाने’, म्हणजे आपल्या ‘होय ना’सारखे, म्हणत आणि मध्यंतरात खाऊ खात. वर्षअखेरीस जपानमध्ये सर्वाधिक गाजलेला शब्द म्हणून तोच निवडला गेला. सुवर्णपदकांच्या वर्षी ‘होय ना’ जिंकले! मला यात वाईट काही वाटत नाही. त्या मुली बोलत होत्या म्हणून लोकांना त्या आपल्या घरातल्या वाटल्या. स्केटिंगपटू शर्यतीत बोलू शकत नाही.

आणि तरीही त्या दिवशी कोदाइरा बोलली, तोंडाने नाही तरी. आपली शर्यत संपवून, आकडा पाहून, जपानी प्रेक्षक जल्लोष करीत असताना तिने ओठांवर बोट ठेवले. पुढच्या जोडीत कोरियाची ली सांग-ह्वा धावायची होती. २०१० आणि २०१४ ची विजेती, यजमान देशाची लाडकी. सुरुवातीच्या बंदुकीचा आवाज धावणारीला नीट ऐकू यायला हवा, शांतता हवी. ज्या प्रतिस्पर्धीकडून आपले सुवर्ण जाण्याचा धोका होता, तिच्यासाठी ही बाई प्रेक्षकांना गप्प करीत होती. ली ३७.३३ सेकंदांत आली, दुसरी. ती रडू लागली. कोदाइरा तिच्याकडे गेली, कोरियन भाषेत तिला शाबासकी दिली, तिला जवळ घेतले, आणि दोघी आपापले ध्वज घेऊन एकत्र फिरल्या. कोरिया आणि जपान यांच्या इतिहासात किती जखमा आहेत, हे इथल्या इतिहासाच्या शिक्षकांना सांगायला नको. त्या दिवसानंतर कोरियात कोदाइरा हे नाव आपुलकीने घेतले जाऊ लागले. पदकाने मिळाली नसती अशी ही लोकप्रियता, आणि तीही परक्या देशात.

ही मैत्री त्या क्षणी कॅमेऱ्यासाठी उगवलेली नव्हती. २०१४ साली सेऊलमधील विश्वचषक शर्यतीत कोदाइराने लीला तिच्याच गावी हरविले. कोदाइराला लगेच नेदरलँड्सचे विमान गाठायचे होते. हरलेल्या लीने तिच्यासाठी टॅक्सी बोलावली आणि विमानतळापर्यंतचे भाडेही स्वतः दिले. पुढे २०२२ साली बेजिंगमध्ये पाचशे मीटरला कोदाइरा सतरावी आली, तेव्हा निवृत्त झालेली ली कोरियन दूरचित्रवाणीसाठी समालोचन करीत होती. तिला अश्रू आवरले नाहीत.

लोकप्रियतेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर कोदाइरावर अन्याय झाला असा माझ्या बोलण्याचा अर्थ निघेल. तसे मला म्हणायचे नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये महिला व्हॉलीबॉलचा अंतिम सामना टोकियो परिसरातील ६६.८ टक्के घरांनी पाहिला आणि त्या संघाला देशाने डोक्यावर घेतले. त्याच ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉनचे कांस्यपदक घेणारा कोकिची त्सुबुराया याच्याकडून पुढच्या वेळी सुवर्णाचीच अपेक्षा होती. जानेवारी १९६८ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्याने आत्महत्या केली. माओ असादा ही फिगर स्केटिंगपटू म्हणजे जपानच्या घरोघरची लेक. पण २०१४ साली सोचीत पहिल्या दिवशी ती सोळाव्या स्थानी घसरली, तेव्हा ही मुलगी महत्त्वाच्या वेळी नेहमी पडते, असे उद्गार एका माजी पंतप्रधानांनी जाहीरपणे काढले. दुसऱ्या दिवशी ती अप्रतिम खेळली आणि सहावी आली. कोदाइराच्या पडत्या काळात असे बोलायला कोणी आले नाही, कारण कोणी पाहतच नव्हते. चोवीस ते तीस ही तिची वर्षे तिला निवांत मिळाली. चुका करायला, परदेशी जायला, मांजरासारखे वाकून पाहायला. लोकप्रिय असती तर ही सवड तिला मिळाली असती का, याची मला शंका आहे.

आपल्या भागाचा आणि जपानचा एक धागा इथे सहज हाती येतो. १९५२ साली हेलसिंकीत कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळविले. त्या वजनी गटाचे सुवर्ण जपानच्या शोहाचि इशि याने घेतले. युद्धोत्तर जपानचे ते पहिले ऑलिंपिक सुवर्ण आणि त्या वर्षीचे एकमेव. खाशाबांना हेलसिंकीला पाठविण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवले होते. परतल्यावर कराडपासून बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पण त्याच हेलसिंकीत हॉकीने सुवर्ण जिंकले होते, आणि देशाच्या तोंडी हॉकीच राहिली. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. दुसऱ्यासाठी १९९६ साल उजाडावे लागले. अर्जुन पुरस्कार खाशाबांना मिळाला तो त्यांच्या निधनाला दीड दशक उलटल्यावर. जपानमध्ये रुग्णालयाने जे केले, ते इथे एका प्राचार्यांनी केले होते, हे मात्र या शाळेत आवर्जून नोंदवावेसे वाटते. पुरस्कारांच्या याद्या नंतर तयार होतात. घर आधी गहाण पडते.

कोदाइराने शेवटची शर्यत २२ ऑक्टोबर २०२२ रोजी धावली, ऑलिंपिकमध्ये नाही, तर राष्ट्रीय स्पर्धेत. आणि जिथे लहानपणी तिने नागानोचे ऑलिंपिक अनुभवले, त्याच एम-वेव्हमध्ये. एरवी या स्पर्धेला खेळाडूंचे नातलग आणि काही जुने शौकीन यांपलीकडे फारसे कोणी फिरकत नाही. त्या दिवशी सहा हजारांच्या आसपास माणसे आली. छत्तीस वर्षांच्या कोदाइराने पाचशे मीटर ३७.४९ सेकंदांत जिंकले. सेंदाईच्या लाखाच्या मिरवणुकीपुढे हा आकडा लहान आहे. पण हे लोक एका अवघ्या अडतीस सेकंदांच्या शर्यतीसाठी घरून निघाले होते, आणि त्यांतल्या पुष्कळांना तिचा प्रत्येक ऑलिंपिकमधला वेळ तोंडपाठ होता.

 व्याख्यानानंतर विद्यार्थ्यांनी प्रश्न विचारायचे आहेत असे मला सांगण्यात आले आहे. तेव्हा इथेच थांबतो.